गादीखालची लाल वायर

मी वायर बोलतेय. लांबूनच ऐका. इंजिन चालू असताना मला हात लावणाऱ्याच्या कोपरापर्यंत झिणझिण्या आणते मी, आणि मागाहून मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.

घरातल्या दिव्याची वायर नाही मी. गाडीच्या कॉइलमधून निघून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत मधोमध बसते ती मी. माझ्यापुढे सहा बहिणी, प्रत्येकीच्या वाट्याला एकेक प्लग. त्यातली एखादी बिघडली तर गाडी खोकत, लंगडत का होईना घरी पोचते. मी नसले तर गाडी म्हणजे पत्र्याचं कपाट. सगळी वीज आधी माझ्यातून जाते, मग त्या सहाजणींना मिळते, आणि तरी कौतुक होतं ते इंजिनाचं.

समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात आम्ही जन्मलो. अंगावर जाड लाल रबर, आत केसाएवढ्या तारेचे वेढेच वेढे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं की ह्या वायरी लावा आणि गाडीची ताकद वाढवा. साफ थाप होती ती. मी कुणाची ताकद वाढवत नाही. असलेली वाटेत गळू देत नाही, एवढंच माझं काम. पण गळू देत नाही म्हटलं तर खोकं कोण विकत घेणार? माणसाला वाढवून मिळाल्याशिवाय चैन पडत नाही.

घेतलं आम्हाला मोजालेफाने. जोहान्सबर्गच्या पूर्वेला काटलेहोंग आहे, तिथला. त्याच्याकडे गुशेशे होती, म्हणजे चौकोनी तोंडाची, मागच्या चाकांवर चालणारी ती जुनी जर्मन गाडी. आमच्याकडे ती गाडी कुठे जाण्यासाठी नसते. ती फिरवण्यासाठी असते. चौकात, मैदानात, जागच्या जागी गोल गोल, टायर जळून पांढरा धूर निघेपर्यंत. चालवणारा मध्येच स्टिअरिंग सोडतो, दारातून बाहेर लोंबकळतो, आणि पाच-पन्नास माणसं जीव गेल्यासारखी ओरडतात. मोजालेफा ह्यात तरबेज होता.

इंजिन मात्र त्याच्या बहिणीने बांधलेलं. डिकेलेडी तिचं नाव. त्याच्याहून मोठी, लग्न न केलेली, टॅक्सीच्या थांब्यामागे मिनीबस दुरुस्त करणारी. जिभेला हाड नसलेली बाई. तो तिला 'आउसी' म्हणायचा, म्हणजे ताई, आणि तिला टरकून असायचा. तिनेच मला टोपीत बसवलं. दाबली ती अशी, की मी कळवळले. भावाला म्हणाली, ही ढिली राहिली तर वर्तुळाच्या मधोमध बंद पडशील आणि लोक मला हसतील, तुला नाही.

रोज संध्याकाळी मोजालेफा मला उपटून घरात न्यायचा. गुशेशेवर चोरांचा भारी डोळा. सगळ्यांना ठाऊक होतं की मधली लाल वायर काढली की गाडी जागची हलत नाही. तो मला गळ्यात अडकवून जेवायला बसायचा. त्याची आई नाक मुरडायची. देवाच्या नावाने घास घ्यायचा आणि गळ्यात हे तेलकट गांडूळ, असं म्हणायची. तिला लोक थोरल्या लेकीच्या नावाने मा-डिकेलेडी म्हणायचे, म्हणजे डिकेलेडीची आई. खिडकीतून माग्विन्या विकायची, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे. गाडीवर तिचा पहिल्यापासून राग. पोरगं शाळेतून उठलं ते ह्या पत्र्यापायी, असं ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची. मला गांडूळ म्हणणारी ती बाई मला कधीच आवडली नाही.

आता सिबोनेलो. मोजालेफाचा जिवलग दोस्त, गाड्या फिरवणाऱ्यांच्या त्याच टोळीतला, त्याचीही गुशेशे. माझ्यावर त्याचा इतका जीव जडला की त्याने धडपड करून हुबेहूब माझ्यासारखाच लाल संच मिळवला. कौतुकाचं नाटक करून हेवा करणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पुढे एका मोठ्या मेळ्यात मोजालेफाची गाडी ऐन वर्तुळात, तो दाराबाहेर लोंबकळत असताना, बंद पडली. सिबोनेलोच्या हातात ध्वनिक्षेपक होता. त्याने सगळ्या मैदानाला ऐकवलं, "बहिणीने बांधलेलं इंजिन आहे, रांधायच्या वेळेला घरी निघालं."

मैदान खो खो हसलं. खरं काय ते मी सांगते. त्या दिवशी मोजालेफाने मला घाईघाईत स्वतः लावली होती, अर्धवट. इंजिनाचा काडीचा दोष नव्हता. डिकेलेडीने बोनेट उघडताक्षणी ओळखलं आणि भावाची लाज राखायला मूग गिळून बसली. पण सिबोनेलोला तिने त्या दिवशी मनातून जाळून टाकला. मोजालेफानेही त्याच्याशी बोलणं तोडलं. समोरासमोर आले तर दोघं रस्ता बदलायचे.

मग मोजालेफा गेला. पोटात दुखायला लागलं, शेजाऱ्याने भरदुपारी गाडीत घालून इस्पितळात नेलं, आतडं फुटलं होतं म्हणे. परत आला नाही. घाईत मला काढायचं राहून गेलं, म्हणून मी गाडीतच होते. दोन-तीन दिवस मला घ्यायला कुणी येईना. शेवटी घरातून रडण्याचा आवाज आला आणि मला कळलं. रडता मला येत नाही. राग मात्र आला, असा सोडून गेल्याचा.

आमच्याकडे फिरवणारा मेला की त्याची स्वतःची गाडी त्याला निरोप देते. शनिवारी सकाळी शवपेटी घरातून निघते तेव्हा चौकात ती गोल फिरवायची, धुरातून त्याला पुढे जाऊ द्यायचं. आणि आमच्या टोळीची एक रीत फार कडक आहे. निरोप होईपर्यंत मेलेल्याची गाडी त्याने सोडली तशीच ठेवायची. धुवायची नाही, सीट सरकवायची नाही, एक स्क्रू बदलायचा नाही. त्यातलं काही हलवणं म्हणजे मेलेल्याची चोरी.

प्रश्न एकच होता. फिरवणार कोण?

डिकेलेडीच्या मनात शंकाच नव्हती. भाऊ तिचा, इंजिन तिचं, आणि रिकाम्या मैदानात पहाटे-पहाटे भावाने तिला फिरवायला शिकवलेलंही होतं. पण सुतकाच्या घरात शब्द चालतो तो मालोमेचा, आईच्या भावाचा. तुमच्याकडे मामा म्हणतात तोच. मालोमे डोंगराकडच्या गावाहून आला, घोंगडी पांघरून खुर्चीवर बसला आणि बसल्या बसल्या निकाल दिला. सिबोनेलो चार माणसं घेऊन, टोपी काढून, रीतीने विचारायला आला होता. दोस्तांची भांडणं मातीबरोबर जातात, म्हणाला. मालोमेला ते भावलं.

डिकेलेडी म्हणाली, "मामा, माझा भाऊ ह्याचं तोंड बघत नव्हता. हा माणूस त्याच्या गाडीत बसणार?"

"तुझी जागा सुतकाच्या गादीवर, आईशेजारी," मालोमे म्हणाला. "सुतकातल्या बाईने चौकात धूर काढायचा, असलं आमच्यात झालेलं नाही. आणि सगळ्यांसमोर मामाला उलट बोलणंही झालेलं नाही."

सिबोनेलो खाली मान घालून उभा होता. मला त्याचा चेहरा दिसला नाही, पण मी सांगते, तो हसला असणार. डिकेलेडीही तेच धरून चालली. ती तडक बाहेर आली, बोनेट उघडलं आणि मला उपटलं.

तिचं म्हणणं तिच्यापुरतं सरळ होतं. भाऊ रोज संध्याकाळी मला काढायचाच. त्याचंच काम तिने केलं, त्यात बदल कसला आणि चोरी कसली? मला मुठीत घट्ट धरून ती पुटपुटत होती. शनिवारी त्यांना गाडी चालू करू दे. होणार नाही. मग मी पुढे जाईन, सगळ्यांदेखत ही वायर लावीन आणि सीटवर बसेन. मग मामाने मला केस धरून खाली ओढावं.

लपवायला तिने जागा शोधली ती सगळ्यात पक्की. आमच्याकडे घरात मरण झालं की एक खोली रिकामी करतात, आरसे भिंतीकडे वळवतात, जमिनीवर गादी टाकतात. मेलेल्याची आई त्या गादीवर घोंगडी घेऊन बसते, आणि माती होईपर्यंत तिला कुणी ऊठ म्हणत नाही. त्या गादीखाली हात घालायची कुणाची छाती नाही. डिकेलेडीने आईची उशी नीट करायचं निमित्त केलं आणि मला खाली सरकवलं.

तो आठवडा मी म्हातारीच्या वजनाखाली काढला. काळोख, कापसाचा वास, आणि वर सतत बायका. लाल झगे आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या चर्चच्या बायका रोज संध्याकाळी यायच्या, गायच्या, रडायच्या, आणि उठता उठता आज भाजीत मीठ कमी होतं हेही बोलून जायच्या. म्हातारी कुणाशी बोलत नव्हती. पहिल्याच रात्री मी तिच्या मांडीला टोचले. तिने हात घातला, मला चाचपलं, माझ्या टोकाची टोपी बोटांनी ओळखली. गांडूळ ओळखलं तिने. मला वाटलं आता ओरडणार, फेकून देणार. तिने हात काढून घेतला आणि पुन्हा माझ्यावर बसली.

शनिवारी पहाटे अंगणातल्या तिपाई हंड्यांखाली जाळ होता. शवपेटी आदल्या संध्याकाळीच घरी आली होती. डिकेलेडी काळ्या कपड्यांत खोलीत आली, वाकली आणि हळूच म्हणाली, "आई, जरा सरक."

म्हातारी सरकली नाही. लेकीकडे नुसती बघत राहिली.

"आई, मला थोडं नीट करू दे गादीचं."

म्हातारी तशीच. तेवढ्यात बाहेरून गलका आला.

सिबोनेलोने ठरल्याप्रमाणे किल्ली फिरवली होती, गाडी चालू झाली नव्हती, आणि त्याने स्वतःच बोनेट उघडलं होतं. मधली लाल वायर गायब. मेलेल्याच्या गाडीतून चोरी. हा शब्द एकदा तोंडातून बाहेर पडला आणि मग तो कुणाच्या हातात राहिला नाही. ही टोळीतली पोरं एरवी एकमेकांचे पाने-हातोडे बिनदिक्कत लंपास करतात, पण मेलेल्याची वस्तू म्हटल्यावर सगळ्यांना एकदम धर्म आठवला. कुणीतरी सिबोनेलोच्या गाडीचं बोनेट उघडलं. आत माझ्यासारखीच लाल वायर. झालं. माझी आहे, वर्षभर माझ्याच गाडीत आहे, असं तो सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. ह्याचा त्या वायरवर पहिल्यापासून डोळा होता, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा हा. पहिला ठोसा बसला तो मला आतपर्यंत ऐकू आला.

डिकेलेडी खोलीच्या खिडकीशी उभी होती. तिचा सगळा बेत तिथेच मोडला. आता मला घेऊन बाहेर जाणं म्हणजे मीच चोर असं सांगणं. पण तोंड उघडलं नाही तर एक निर्दोष माणूस मार खात होता. मी खरं सांगते, मला त्याची दया आली नाही. पण मला तिचाही राग आला. मैदानात तिच्यावर हसला म्हणून ज्याला तिने वर्षभर शिव्या घातल्या, त्याच्यावर आता सगळी गल्ली थुंकत होती, आणि ती हातांची घडी घालून ऐकत होती.

तेव्हा म्हातारी उठली. कुणी न उठवता. गादीखालून मला काढून, घोंगडीत धरून ती खोलीबाहेर, शवपेटीशेजारून, अंगणात, फाटकापाशी आली. लोकांचे हात जिथल्या तिथे राहिले. पेटी निघण्याआधी आई गादीवरून उठून बाहेर आलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. मालोमे खुर्ची पाडून उभा राहिला.

तिने मला वर धरलं.

"सोडा त्याला. ही माझ्या अंगाखाली होती. मी काढली. माझ्या पोराला असल्या धुरात घालवायचं नव्हतं मला."

मुलाला पुरायच्या दिवशी आईला कोण चोर म्हणणार? सगळ्यांनी सिबोनेलोला सोडलं आणि जमिनीकडे बघायला लागले. त्याचा ओठ फाटला होता, सदऱ्याची बाही उसवली होती. म्हातारीने मला त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "लाव."

तो गाडीकडे गेला. डिकेलेडी तोवर फाटकाशी आली होती. तिच्या अगदी जवळून जाताना तो थांबला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला.

"म्हातारीला बोनेट कुठून उघडतं ते तरी माहीत आहे का?"

डिकेलेडीने तोंड दुसरीकडे वळवलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग मला लावलं, आणि मला कबूल करावंच लागेल, व्यवस्थित लावलं.

मी मनाशी ठरवलं होतं की ह्याच्या हाताखाली ठिणगी द्यायची नाही. पण मला विचारतं कोण? किल्ली फिरली, वीज आली, मी पुढे दिली. शवपेटी निघाली आणि सिबोनेलोने चौकात अशी फिरवली की म्हातारे कोतारेही टाळ्या पिटत होते. ओठातून रक्त येत होतं आणि तो दाराबाहेर लोंबकळत मोजालेफाचं नाव घेऊन ओरडत होता. खोटं ओरडत नव्हता तो, हेही मला कळलं, आणि त्यामुळे माझा राग आणखी वाढला. डिकेलेडी आईला धरून पेटीमागे चालत होती. धुराने डोळे चुरचुरतायत असं ती बायकांना सांगत होती.

दफनभूमीतून आल्यावर फाटकाशी पाण्याची घमेली ठेवली होती. सगळ्यांनी हात धुतले, जेवले, गाणी लावली. म्हातारीने सिबोनेलोला निरोप पाठवून मला परत मागून घेतलं आणि कमरेच्या पिशवीत टाकलं. गाडी तेव्हापासून बिनवायरीची अंगणात उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात डिकेलेडीने हात पुढे केला. म्हणाली, "वायर दे, आई. गाडी उभी राहून गंजेल."

म्हातारी कणीक मळत होती. हात थांबवले नाहीत तिने. "मी माझ्या पोराच्या पेटीसमोर खोटं बोलले. कुणासाठी?"

"मी तुला सांगितलं नव्हतं बोलायला."

"नव्हतं सांगितलंस. उभी राहून ऐकत होतीस. जा, त्यांच्यासमोर तुझ्या तोंडाने सांग. मग घे."

डिकेलेडी दार आपटून गेली. त्या घरात पुढचे महिने दोघी एकाच चुलीवर दोन वेगळी भांडी ठेवून जेवल्या. मालोमेने गाडीला गिऱ्हाईक आणलं, म्हातारीने त्याला दारातूनच परत लावलं. मी तिच्या कमरेला, पिठात माखलेली, चिडलेली. मला ठिणगीची सवय. गप्प बसणं माझ्या जातीला जमत नाही.

आणि त्या खोट्याची किंमत कुणी मोजली ते मी रोज बघत होते. पुरण्याच्या दिवशी लोक आईला काही बोलले नाहीत, पण नंतर बोलायला वर्ष पडलं होतं. मेलेल्या पोराची चोरी करणारी आई. चर्चच्या बायकांनी तिला गाणं सुरू करायला सांगणं बंद केलं. दुसऱ्या कुणाकडे मयत झाली तर भाजी चिरायलाही बोलावणं येईना. माग्विन्या घ्यायला येणाऱ्या पोरांना त्यांच्या आया पलीकडच्या गल्लीत धाडू लागल्या. टोपलीतले गोळे संध्याकाळी तसेच उरायचे आणि म्हातारी ते शेजारच्या कुत्र्यांना घालायची. मला गांडूळ म्हणणारी बाई ती. तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची, त्या लाल झग्यांना बघून. एकेकीला धरून झटका द्यावासा वाटायचा.

डिकेलेडी हे सगळं बघत होती. एकदा संध्याकाळी ती आली, टोपलीतले उरलेले गोळे बघितले, एक उचलून उभ्या-उभ्या खाल्ला. म्हातारी म्हणाली, "कुत्र्यांचा आहे तो." डिकेलेडीने तो तरीही संपवला आणि आत जाऊन पडली.

आज, वर्ष सरल्यावर, सुतकाचे काळे कपडे उतरवायचा दिवस होता. मालोमे आला, बोकड कापला, मांडव घातला. मालोमेच्या धाकाने सगळे आले. चर्चच्या बायका आल्या, पण म्हातारीच्या शेजारची बाकडी रिकामी ठेवून बसल्या. टोळीतली पोरं आली, सिबोनेलोही आला, ओठावरचा वण घेऊन. काळे कपडे जाळून झाले, मालोमे प्रार्थना म्हणाला, ताटं वाढली गेली. सगळ्यांचे हात मक्याच्या घट्ट लापशीत असताना डिकेलेडी मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहिली. हात ओढणीला पुसत होती, पुसतच होती.

"वायर मी काढली होती. आईने नाही. मला गाडी फिरवायची होती. सिबोनेलोला मारत होते तेव्हा मी खिडकीशी उभी होते."

एवढंच बोलली. रडली नाही. माफीसुद्धा मागितली नाही. मागायला हवी होती, असं मला वाटतं, पण ती तशी बाई नाही.

मालोमेने ताट खाली ठेवलं. सिबोनेलो उठला. मला वाटलं मारतो आता. तो तिच्यासमोर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं, आउसी. मी तुझी वाट बघत होतो. खूप उशीर केलास." मग तो मांडवातून बाहेर पडला. एकामागोमाग एक टोळीतली पोरं उठली आणि त्याच्यामागे गेली. गाड्या सुरू झाल्या, कोपऱ्यावर वळल्या, गेल्या. गल्लीत एकही गुशेशे उरली नाही, अंगणातली सोडून. मालोमेने आपली घोंगडी उचलली आणि भाचीकडे न बघता आत गेला.

मग लाल झग्यातली एक जाडी बाई आपलं ताट घेऊन उठली आणि म्हातारीच्या शेजारच्या रिकाम्या बाकड्यावर येऊन धपकन बसली. जेवायला लागली. मी त्या बाईलाही माफ केलेलं नाही, पण आली हे बरं केलं.

म्हातारीने पिशवीत हात घातला. मला बाहेर काढलं, घागऱ्याच्या काठाने माझ्यावरचं पीठ पुसलं आणि लेकीपुढे धरलं. "घे. तोंडाने बोललीस, आता घे. पण भाऊ कुठून तरी बघतोय असलं काही मनात आणू नकोस. तो गेला. तुला फिरवायची होती, तू फिरव."

डिकेलेडीने मला लावलं. दाबली पूर्वीसारखीच, मी कळवळले. बॅटरी मेलेली होती, ती तिने शेजारच्या टॅक्सीवरून जोडली. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा मी ठिणगी टाकली आणि सहाच्या सहा पेटल्या. महिनोन्महिन्यांचा राग होता माझ्यात, तो सगळा ओतला.

चौक रिकामा होता. ओरडायला टोळी नाही, टाळ्या नाहीत. मांडवातल्या दहा-वीस बायका तोंडात घास धरून बघत होत्या. डिकेलेडीने एक वर्तुळ घेतलं. चांगलं घेतलं. दुसरं घेतलं, आणि अर्ध्यातच गाडी उभी केली. इंजिन चालू, मी चालू, आणि तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. आता मात्र रडली ती. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो निघून गेलेला, आणि ज्यांना दाखवायचं होतं तेही निघून गेलेले.

मग पलीकडचं दार उघडलं. म्हातारी. ह्या गाडीत आजवर तिने पाऊल ठेवलं नव्हतं. घागरा आवरत ती बसली, दार दोनदा ओढून लावलं, कुठे धरायचं ते शोधलं, समोरच्या फळीला घट्ट धरलं.

"माझा पोरगा इथून काय बघायचा ते दाखव मला," ती म्हणाली. "फिरव."

डिकेलेडीने नाक पुसलं आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. झालं, आता मला काम आहे. तुम्ही तेवढे मागे सरा. टायरखालचे खडे डोळ्यांत गेले तर मला शिव्या देऊ नका.